हे पाणी कोठे मुरते?

कायदे मोठ्या अक्षरांत छापले जातात. त्यांचे भवितव्य मात्र पुष्कळदा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंच्या हाती असते. शुद्ध दुधाचा कायदा विधिमंडळात होतो, पण त्याची खरी परीक्षा गवळ्याच्या कासंडीपाशी होते. शिक्षणाचा कायदा दिल्लीत होतो, पण मुलाला अक्षरओळख होणार की नाही हे वर्गातील फळ्यापाशीच ठरते. पुण्याच्या हवेसंबंधीचा एक मोठा कायदा असाच आज वीस लिटरांच्या एका प्लॅस्टिकच्या बादलीवर येऊन टेकला आहे. त्या बादलीत काय आहे हे पाहण्याची निकड मात्र कोणालाच वाटत नाही, म्हणून आज हा विषय वाचकांपुढे मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, चाकणच्या रस्त्यावर, मुंबई-बंगळूर महामार्गावरील पेट्रोल पंपांवर आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत अशा बादल्या एकावर एक रचून ठेवलेल्या दिसतात. ट्रकचालक त्यातील द्रवाला सरसकट 'युरिया' म्हणतात. त्याचे कागदोपत्री नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजेच डीईएफ. युरोपात तो 'ॲडब्लू' या नावाने विकला जातो, आणि ते व्यापारचिन्ह जर्मनीतील मोटार उद्योगाच्या संघटनेच्या मालकीचे आहे. नावे काहीही असोत, वस्तू दिसायला अगदी साधी आहे. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षार पूर्णपणे काढून टाकलेले पाणी, एवढाच तिचा मामला. रंग नाही, चव घेण्याचे कारण नाही, आणि बाटलीतील पाण्याशेजारी ठेवली तर ओळखूही येऊ नये अशी ती आहे. तिच्या बाबतीत होणाऱ्या साऱ्या लबाडीचे मूळ या साधेपणातच आहे.

हा द्रव आपल्या रस्त्यांवर आला कसा, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. २०१० साली ज्या तेरा शहरांत 'भारत-४' हे प्रदूषणाचे मानक प्रथम लागू झाले, त्यांत पुणे आणि सोलापूर ही दोन्ही शहरे होती. साऱ्या देशात ते १ एप्रिल २०१७ रोजी लागू झाले. त्यानंतरची पाचवी पायरी गाळून एकदम सहाव्या पायरीवर उडी घेण्याचे सरकारने २०१६ मध्ये ठरविले. १ एप्रिल २०२० नंतर जुन्या मानकाचे एकही नवे वाहन विकता वा नोंदविता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिला. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी हजारो कोटी रुपये खर्चून डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणले. वाहन कारखान्यांनी नवी इंजिने सिद्ध केली आणि ग्राहकांनी त्यांची वाढीव किंमत मोजली. जड वाहनांना नायट्रोजनच्या ऑक्साइडांची जी मर्यादा पूर्वी दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, ती ०.४६ ग्रॅमपर्यंत खाली आली. म्हणजे ज्या विषारी वायूचे पूर्वी सात-साडेसात भाग सोडण्याची मुभा होती, त्याचा आता एकच भाग सोडता येतो. देशाच्या प्रदूषणनियंत्रणाच्या इतिहासात एवढी मोठी झेप दुसरी क्वचितच दाखविता येईल, आणि तिचे श्रेय संबंधितांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

ही मर्यादा इंजिन एकट्याने पाळू शकत नाही. येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. डिझेलच्या इंजिनात उष्णता इतकी प्रखर असते की, हवेत एरवी एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदणारे नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायू तेथे एकत्र येऊन त्यांची ऑक्साइडे बनतात. धुराच्या वाटेवर डीईएफचा बारीक फवारा मारला की, त्या उष्णतेने युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. पुढे उत्प्रेरकाच्या जाळीवर हा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि शेवटी बाहेर पडतात ते निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. सजीवांच्या देहातच निर्माण होऊ शकेल असे समजले जाणारे ते द्रव्य एक दिवस मालमोटारींचा धूर धुऊन काढील, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. जळलेल्या दर शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते सहा लिटर डीईएफ खर्ची पडते. आज रस्त्यावर येणाऱ्या बहुतेक साऱ्या नव्या जड मालमोटारींची सारी शुद्धता या तीन ते सहा लिटरांवर तोललेली आहे.

म्हणूनच या द्रवाच्या शुद्धतेचे नियम विलक्षण कडक आहेत. आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक २२२४१ त्यासाठी घालून दिलेले आहे आणि भारतीय मानक ब्यूरोनेही ते स्वीकारले आहे. युरियाचे प्रमाण ३१.८ ते ३३.२ टक्के यांच्या बाहेर जाता कामा नये. बाययुरेट नावाचे जे द्रव्य युरिया तापविताना आपोआप तयार होते, ते ०.३ टक्क्यांहून अधिक नसावे. कॅल्शियम, लोह, सोडियम, पोटॅशियम यांची मर्यादा प्रत्येकी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे वीस लाख भागांत एक भाग. तांबे आणि जस्त यांची त्याहूनही कमी. एवढी सोवळी शुद्धता कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. पाणी उडून जाते, युरियाचा वायू होतो, परंतु क्षार आणि धातू कोठेही जात नाहीत. ते उत्प्रेरकाच्या जाळीवर थरावर थर चढवीत बसतात आणि अखेर तिची शक्ती मारून टाकतात. स्वयंपाकघरातील पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच प्रकार. फरक एवढाच की, येथे भांडे घासून पुन्हा वापरता येत नाही.

आता बनावट माल कसा तयार होतो ते पाहू. त्यासाठी कारखाना लागत नाही. पत्र्याची एक शेड, एक टाकी, एक ढवळणी, शेतीच्या खताच्या काही पिशव्या आणि विंधन विहिरीचे पाणी, एवढ्या भांडवलावर हा उद्योग उभा राहतो. शेतीच्या युरियात बाययुरेट १.५ टक्क्यांपर्यंत चालते, कारण पिकाला तेवढ्याने अपाय होत नाही. अशा युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण केले तर त्यात बाययुरेट अर्ध्या टक्क्याच्या घरात जाऊ शकते, म्हणजे डीईएफच्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. शिवाय २०१५ पासून शेतीच्या साऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे आहे; ते तेलही द्रावणात उतरते. पाण्याची कथा याहून वेगळी नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थरातून उपसलेले पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते. पिण्यास ते चालेल, परंतु वीस लाखांत एक भाग या मर्यादेत ते कधीही बसणार नाही. घरगुती शुद्धीकरणयंत्रातून गाळलेले पाणीही या कामी पुरे पडत नाही. त्यासाठी क्षार पूर्णपणे काढलेलेच पाणी हवे. असे द्रावण बादलीत भरून त्यावर निळे लेबल चिकटविले की, खऱ्या आणि खोट्या मालातील फरक डोळ्यांना दिसेनासा होतो.

येथे कोणी म्हणेल की, आजची वाहने फार हुशार आहेत, त्यांच्या टाकीतच द्रवाची परीक्षा करणारा सेन्सर असतो. ते खरे आहे, पण अर्धेच. तो सेन्सर युरियाचे प्रमाण पाहतो. त्यातील चुना किंवा मीठ त्याला दिसत नाही. आपल्या वाचकांना दुधाच्या लॅक्टोमीटरची गोष्ट ठाऊक आहे. दुधात नुसते पाणी घातले तर तो चोर पकडतो, पण पाण्याबरोबर घनता वाढविणारे दुसरे काही घातले की तोच साक्षीदार चोराच्या बाजूने बोलू लागतो. डीईएफच्या टाकीतील सेन्सरची गत तीच आहे. ज्याला साडेबत्तीस टक्क्यांचे प्रमाण साधता आले, त्याने पाणी कोठले वापरले आणि युरिया कोणाच्या शेतावरचा आणला, याची विचारपूस तो करीत नाही. द्रावणाची दाटी मोजणारे हातातील छोटे उपकरण गॅरेजवाल्यांकडे असते, त्याचीही मर्यादा हीच. म्हणून या प्रकरणी प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही.

माल खरा असला तरी तो नीट ठेवला जातो काय, हा आणखी एक प्रश्न आहे. डीईएफ थंडीत उणे ११ अंशांवर गोठते. त्याची चिंता पुणेकरांस नको. आपला शत्रू ऊन आहे. हे द्रावण सतत २५ अंशांच्या आत ठेवले तर १८ महिने टिकते, ३० अंशांच्या आत १२ महिने, आणि ३५ अंशांपर्यंत केवळ ६ महिने. त्याहून अधिक उष्णतेत राहिलेला साठा वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा, असे मानक सांगते. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि त्या उन्हात दुकानापुढे रचलेल्या बादल्यांच्या आतील उष्णता किती असेल याची कल्पना कोणीही करू शकतो. पुढे ती बादली उघडली की, डिझेलसाठी वापरलेल्याच नरसाळ्यातून ती ओतली जाते. तांब्या-पितळेचे भांडे, गंजका लोखंडी डबा, जस्ताचा मुलामा दिलेला पिंप, यांपैकी काहीही या द्रवाला चालत नाही. दुकानदाराने अप्रामाणिकपणा केला नाही, केवळ निष्काळजीपणा केला, तरीही शुद्ध मालाची माती होऊ शकते.

याचे परिणाम कोण भोगतो? पहिला बळी ट्रकमालक. ज्यांच्याकडे शेकडो वाहनांचा ताफा आहे त्या मोठ्या कंपन्या टाकीने माल घेतात, नमुना तपासतात, पुरवठादाराला करारात बांधून टाकतात. परंतु कर्ज काढून एक किंवा दोन गाड्या चालविणारा मालक वाटेत मिळेल तेथे बादली घेतो, आणि चार पैसे वाचत असतील तर ते वाचविण्याचा मोह त्याला होणे स्वाभाविक आहे. एका गाडीला वर्षाकाठी पंचवीस हजार लिटर डिझेल लागते असे धरले, तर डीईएफ साधारण बाराशे-साडेबाराशे लिटर लागेल. लिटरमागे वीस रुपये वाचले असे मानले तरी वर्षाची बचत पंचवीस हजार रुपयांची होते. उलट, फवारणीचे नोझल पांढऱ्या खड्यांनी तुंबले, पंप निकामी झाला आणि शेवटी उत्प्रेरकाची जाळी मेली, म्हणजे दुरुस्तीचा आकडा लाखांत जातो. त्यातही वाईट म्हणजे, धूर मर्यादेबाहेर जात असल्याचे यंत्रणेच्या ध्यानी आले की इंजिन आपली ताकद आपणच कमी करते. भरल्या गाडीने खंबाटकीचा किंवा बोरघाटाचा चढ चढत असता ही वेळ आली, तर त्या चालकाची आणि त्याच्या मागील रांगेची काय अवस्था होते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगावयास नको.

या संकटातून सुटण्याचा जो मार्ग काही मेकॅनिक सुचवितात, तो रोगाहून भयंकर आहे. 'एम्युलेटर' नावाची एक लहानशी डबी वाहनाच्या विद्युत्‌यंत्रणेला जोडली की, ती इंजिनाला सदैव खोटी साक्ष देत राहते. टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, धूर निर्मळ आहे, असे ती सांगते. मग डीईएफ घालण्याची गरजच उरत नाही आणि दिवाही लागत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन कंपनीने याच जातीची लबाडी संगणकातील आज्ञावलीद्वारे केल्याचे अमेरिकेत उघडकीस आले, तेव्हा साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. त्या वर्षी आपल्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने त्या कंपनीच्या गाड्या तपासल्या. प्रयोगशाळेतील धूर एक आणि रस्त्यावरचा दुसरा, असे तीत आढळले, आणि डिसेंबरात कंपनीला देशातील सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याची घोषणा करावी लागली. बलाढ्य कंपनीने केले ते पातक, आणि गल्लीतील गॅरेजमध्ये झाले ती युक्ती, असा भेद कायद्याला मान्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखाली वाहनात असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, होऊ शकते. परंतु पकडणार कोण आणि कशाने?

या प्रश्नाच्या उत्तराशी येताच आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे भोक दृष्टीस पडते. डिझेल वाहनांची 'पीयूसी' तपासणी म्हणजे धुराच्या काळेपणाची तपासणी. सायलेन्सरमधून येणारा धूर प्रकाशाला किती अडवितो, एवढेच ते यंत्र मोजते. नव्या वाहनांत काजळी अडविणारी वेगळी गाळणी असल्यामुळे त्यांचा धूर तसाही काळा नसतो. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र त्या यंत्रापुढून बिनदिक्कत निघून जातात. म्हणजे टाकीत डीईएफऐवजी विहिरीचे पाणी असो, नाहीतर टाकी कोरडी असून एम्युलेटरची डबी बसविलेली असो, प्रमाणपत्र हमखास मिळते. काळ्या धुराचा चोर पकडण्यासाठी ठेवलेला पहारेकरी रंगहीन चोराला सलाम करून आत सोडतो.

आणि हा चोर ज्या घरात शिरतो ते घर आपलेच आहे. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचा दाह करतो आणि दम्याचा विकार बळावतो. उन्हात तो जमिनीलगतच्या ओझोन वायूला जन्म देतो आणि पुढे त्याचेच सूक्ष्म कण होऊन फुप्फुसांत खोल जातात. आपल्या देशाने २००९ साली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १० वर आणावी असे सुचविले. ज्या मोजक्या शहरांत धुळीबरोबरच या वायूचेही प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोंदविले होते, त्यांत पुण्याचे नाव होते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही पुणे आहे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण एके काळी शहराबाहेर होते. आज त्याच्या दोन्ही बाजूंना वारजे, बावधन, बाणेर, वाकड येथील घरांच्या आणि शाळांच्या रांगा उभ्या आहेत. तेथून रात्रंदिवस जाणारी प्रत्येक मालमोटार नव्या मानकाची असली, पण तिच्या टाकीत खोटे पाणी असले, तर ती जुन्याच मोटारीच्या पंक्तीला जाऊन बसते. नव्या गाडीची किंमत द्यावयाची आणि जुन्या गाडीचा धूर घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे.

दुसरा बळी शेतकरी. त्याला ४५ किलोंची युरियाची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत सुमारे २,२०० रुपये पडते, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सांगितले होते. मधला फरक तुम्हा-आम्हा करदात्यांच्या खिशातून भरला जातो. जेथे एकाच वस्तूच्या दोन भावांत एवढी दरी असते, तेथे पूल बांधणारे चोर आपोआप निर्माण होतात. शेतीचे खत अन्य कामी वापरण्यास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये बंदी आहे. तरीही २०२३ मध्ये केंद्राच्या भरारी पथकांनी निरनिराळ्या राज्यांतून संशयास्पद युरियाच्या सुमारे ७० हजार पिशव्या जप्त केल्या आणि ३० गुन्हे नोंदविले. हा युरिया ज्या उद्योगांकडे वळतो, त्यांत डीईएफचे बनावट कारखानेही आहेत. खरिपाच्या ऐन हंगामात खताच्या दुकानापुढे शेतकरी रांगेत उभा असतो, तेव्हा त्याच्या वाट्याची पिशवी एखाद्या शेडमध्ये पाण्यात विरघळत असावी, याहून अधिक संतापजनक गोष्ट कोणती?

मग या बादलीची जबाबदारी आहे तरी कोणाची? वैधमापन खाते म्हणेल, बादलीत वीस लिटर आहेत की नाहीत एवढे आम्ही पाहतो. कृषी खाते म्हणेल, आमचा संबंध खताच्या पिशवीशी. संगमपुलाजवळचे परिवहन कार्यालय म्हणेल, आमचे काम वाहनाच्या कागदपत्रांचे. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांच्या धुरांड्यांकडे बोट दाखवील, आणि मानक ब्यूरो मानक छापून मोकळा झाला. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असेल, आणि म्हणूनच बादली सर्वांच्या मधून निसटते. चार खात्यांच्या सीमेवरची जागा ही कोणाचीच नसते. तेथेच पाणी मुरते.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. नवी तपासणी म्हणजे नवा इन्स्पेक्टर आणि नवा हप्ता, असे ट्रकमालक म्हणतील. रस्त्यावर गाडी अडवून कागद मागण्याची जी विद्या आपल्याकडे पूर्णत्वास गेली आहे, तिला आणखी एक निमित्त द्यावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. ट्रक अडवू नका, बादली तपासा. चालकाच्या टाकीत काय आहे हे पाहण्यापूर्वी दुकानात काय विकले जाते ते पाहिले पाहिजे. फसविणाऱ्याला सोडून फसलेल्याला दंड करणे हा न्याय नव्हे. यासाठी नवे खाते नको, नवा कायदाही नको. जिल्हाधिकाऱ्यांनी संबंधित खात्यांना एका टेबलाशी बसवावे, दर तीन महिन्यांनी पंप, दुकाने व वितरक यांच्याकडून पूर्वसूचना न देता नमुने घ्यावेत, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावेत, आणि त्यांचे निकाल उत्पादकाच्या नावासह जाहीर करावेत. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गुप्त अहवालातून हप्ता जन्मतो, जाहीर अहवालातून लाज. दुकानदाराला दंडाची भीती वाटत नसेल, पण आपल्या मालाचे नाव अयोग्य मालाच्या यादीत वर्तमानपत्रात छापून येण्याची भीती त्याला निश्चित वाटेल.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी घडल्या पाहिजेत. एक, प्रत्येक बादलीवर उत्पादनाची तारीख, घाणा क्रमांक आणि सावलीत ठेवण्याची सूचना मराठीत व ठळक अक्षरांत असावी. आणि ज्या दुकानात बादल्या उन्हात रचलेल्या दिसतील तेथे माल घेण्याचे ग्राहकांनी नाकारावे. दोन, पीयूसी आणि जड वाहनांची योग्यता तपासणी यांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी, निदान वाहनाच्या संगणकातील दोषनोंदींचे वाचन, समाविष्ट झाले पाहिजे. त्यावाचून एम्युलेटरचा धंदा थांबणार नाही. तीन, चाकण, रांजणगाव, पिंपरी येथील ज्या कारखान्यांचा माल या गाड्या वाहतात, त्यांनी भाड्याचा दर ठरविताना शुद्ध डीईएफचा खर्च त्यात धरला पाहिजे. वाहतूकदाराला शेवटच्या पैशापर्यंत पिळावयाचे आणि वार्षिक अहवालात पर्यावरणप्रेमाचे पान छापावयाचे, ही दुटप्पी नीती आहे.

शुद्ध औद्योगिक युरियाचा पुरवठा पुरेसा असणे हीही या शुद्धतेची अट आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात चीनने युरियाच्या निर्यातीला आळा घातला, तेव्हा वाहनांसाठी लागणारा जवळजवळ सारा युरिया तेथूनच आणणारा दक्षिण कोरिया हवालदिल झाला. ट्रक उभे राहण्याची वेळ आली, विक्रीवर रेशन बसले, आणि सुमारे २७ हजार लिटर द्रव आणण्यासाठी त्या सरकारला लष्करी विमान ऑस्ट्रेलियास धाडावे लागले. टंचाई आली की भेसळ तिच्या मागोमाग येते, हा आपला रॉकेल-साखरेपासूनचा अनुभव आहे. औद्योगिक युरिया देशातच आणि वाजवी भावाने मिळाला, तर शेतकऱ्याच्या पिशवीकडे वळणारे हात आपोआप कमी होतील. नुसत्या धाडींनी हे साधणार नाही.

पुण्याने या बाबतीत मार्गदर्शन करावे, अशी अपेक्षा बाळगणे वावगे होणार नाही. वाहनांची परीक्षा करणारी राष्ट्रीय संस्था १९६६ पासून या शहरात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून येथे आहे. भोसरीत रस्तेवाहतुकीचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, हवेचे अनुमान वर्तविणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणला आहे, आणि मालमोटारींची इंजिने घडविणारे कारखाने तर पंचक्रोशीत आहेत. वीस लिटर पाण्याची परीक्षा करण्यासाठी याहून अधिक विद्वत्ता एका शहरात कोठे मिळावयाची? ज्ञान येथे आहे, यंत्रे येथे आहेत, माणसे येथे आहेत. उणीव आहे ती कोणीतरी पुढे होऊन नमुन्याची बाटली भरण्याची.

सदोष बादली ही लहान गोष्ट आहे, असे म्हणून हा विषय बाजूस सारता येईल. परंतु राष्ट्राने केलेला मोठा संकल्प मोडतो तो अशा लहान गोष्टींतच. न्यायालयाचा निर्णय, कारखान्यांचे परिश्रम, करदात्यांचे पैसे, शेतकऱ्यांचा वाटा आणि शहरातील मुलांचा श्वास, इतके सारे ज्या पाण्यावर अवलंबून आहे, ते पाणी कोणत्या विहिरीतून आले याची चौकशी करण्याइतकी जागरूकता आपण दाखविणार आहोत की नाही, एवढाच प्रश्न आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी पहिले नमुने येत्या उन्हाळ्यापूर्वी घ्यावेत आणि त्यांचे निकाल जनतेपुढे ठेवावेत. ते छापण्यास आमचे रकाने मोकळे आहेत.